कथबर्ट ब्रॉडरिक (१८२१–१९०५), लीड्सला चेहरा देणारा आर्किटेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला म्हणून इंग्लंडमधल्या लीड्सला येणारी मराठी माणसं आता बरीच आहेत. गावात पहिल्यांदा फिरताना टाउन हॉलसमोर सगळेच थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तो कुणी उभारला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जे विचारतात त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सर्वांत दमदार आर्किटेक्टांत ब्रॉडरिकची गणना व्हायला हवी. ती होत नाही, कारण त्याच्या उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारती सगळ्या लंडनपासून दूर आहेत, आणि ऐन उमेदीत त्यानं हा व्यवसायच सोडला.

ब्रॉडरिक मूळचा लीड्सचा होता का?

नाही. तो हलचा. हल हे यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. १ डिसेंबर १८२१ रोजी तिथे त्याचा जन्म झाला. वडील जहाजांचे मालक आणि व्यापारी, त्यामुळे घरची परिस्थिती चांगली होती. पुढे त्याला युरोपभर हिंडून शिकता आलं ते या सुबत्तेमुळेच. लीड्सला तो आला टाउन हॉलचं काम मिळाल्यावर, आणि त्याची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली.

त्यानं आर्किटेक्चरची पदवी कुठून घेतली?

त्या काळी इंग्लंडमध्ये आर्किटेक्ट होण्यासाठी कॉलेजात जायची पद्धतच नव्हती. एखाद्या नामांकित आर्किटेक्टच्या कार्यालयात करार करून उमेदवारी करायची. आई-वडील त्यासाठी फी भरत आणि पोरगा काही वर्षं तिथे नकाशे गिरवत, मापं घेत, साइटवर जात शिकत असे. ब्रॉडरिक १८३७ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षात, हलमधल्या हेन्री लॉकवुड यांच्याकडे उमेदवार म्हणून लागला.

हे लॉकवुड नाव लक्षात ठेवा. पुढे ते ब्रॅडफर्डला गेले, विल्यम मॉसन यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि सॉल्टेअर हे गिरणीकामगारांसाठी वसवलेलं आख्खं गाव उभं केलं. सॉल्टेअर आज जागतिक वारसा स्थळ आहे. या गुरूची आणि शिष्याची पुढे जी गाठ पडली, ती टाउन हॉलच्या स्पर्धेत. ते खाली येईलच.

युरोपच्या प्रवासातून त्याला काय मिळालं?

माझ्या मते, सगळंच. १८४४ मध्ये तो निघाला आणि फ्रान्स व इटली पाहून परतला. तरुण इंग्रज आर्किटेक्ट तेव्हा इटलीला जात, रोममधले भग्नावशेष रेखाटत आणि घरी येत. ब्रॉडरिकनं तेही केलं, पण त्याच्या मनात पॅरिस जास्त रुतलं. फ्रेंच लोक सार्वजनिक इमारत मोठ्या मापात, एकसंध विचारानं कशी बांधतात, हे त्यानं तिथे पाहिलं. लीड्सचं कॉर्न एक्स्चेंज (धान्याचा बाजार) पाहा किंवा स्कारबरो या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या गावातलं ग्रँड हॉटेल, त्याच्या कामात इंग्लंडपेक्षा फ्रान्सच अधिक दिसतो. आणि शेवटी तो राहायलाही तिकडेच गेला.

परतल्यावर लॉकवुड यांनी त्याला भागीदारी देऊ केली. ती नाकारून त्यानं हलमध्येच स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीची कामं लहानसहान होती. नाव घेण्यासारखं पहिलं काम म्हणजे हलची रॉयल इन्स्टिट्यूशन. ती १८५४ मध्ये पुरी झाली आणि दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली.

लंडनबाहेर राहून मोठी कामं मिळायची तरी कशी?

हा प्रश्न समजून घेतला तर ब्रॉडरिकचं अर्धं आयुष्य समजतं. मोठे जमीनदार, सरकारी खाती आणि चर्चचे वरिष्ठ सगळे लंडनमध्ये. त्यामुळे मोठ्या कामांचा ओघ लंडनच्या आर्किटेक्टांकडे असायचा. लंडनबाहेरच्या आर्किटेक्टच्या वाट्याला गावातली घरं, गोदामं, शाळा, प्रार्थनाघरं, बँकांच्या शाखा यायच्या. अर्थात अपवाद आधीपासून होते. यॉर्कच्या जॉन कार यांनी अठराव्या शतकात उत्तर इंग्लंडभर हवेल्या बांधल्या. लीड्सजवळचं हेअरवुड हाऊस त्यांचंच. न्यूकॅसलला जॉन डॉब्सन होते, चेस्टरला टॉमस हॅरिसन.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र बदललं. कापड, लोखंड, कोळसा यांच्या जोरावर उत्तरेतली शहरं श्रीमंत झाली आणि त्यांना स्वतःच्या इमारती हव्याशा वाटू लागल्या. त्यासाठी नगरपालिका जाहीर स्पर्धा घेऊ लागल्या. आराखडे मागवायचे, एखाद्या बुजुर्गाला परीक्षक नेमायचं, पहिल्या-दुसऱ्याला बक्षीस द्यायचं. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. परीक्षकानं निवडलेला आराखडा बाजूला सारून भलत्यालाच काम दिलं जाई, आणि पन्नास जण फुकट राबत. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाला मोठं काम मिळण्याची वाटही तीच होती. ब्रॉडरिक वर आला तो या वाटेनं. आणि पुढे दमला तोही याच वाटेवर.

लीड्सला एवढा मोठा टाउन हॉल कशाला हवा होता?

१८५१ च्या जनगणनेत लीड्सची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. लोकर आणि यंत्रं यांवर गाव गबर झालं होतं, पण हजार-दोन हजार माणसं बसतील असं एकही चांगलं सभागृह नव्हतं. कोर्ट, पोलीस, नगरपालिका यांच्या कचेऱ्या अपुऱ्या जागेत कशाबशा चालत. त्यात शेजारच्या ब्रॅडफर्डनं सेंट जॉर्जेस हॉल बांधायला घेतला. लीड्स आणि ब्रॅडफर्ड यांच्यात दहा-बारा मैलांचं अंतर आणि कायमची चढाओढ. ब्रॅडफर्डनं केलं म्हटल्यावर लीड्सला गप्प बसणं शक्य नव्हतं.

याला विरोधही जोरदार होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. १८४९ च्या कॉलऱ्यात लीड्समध्ये दोन हजारांवर माणसं दगावली होती. दाटीवाटीच्या वस्त्यांत गटारांची बोंब असताना दगडी खांब कशाला, असा करदात्यांचा सवाल होता. हॉलच्या बाजूनं बोलणाऱ्यांमध्ये डॉ. जॉन डीकिन हीटन हे डॉक्टर पुढे होते. युरोपातले जुने टाउन हॉल त्यांनी पाहिले होते. त्यांचं म्हणणं असं की माणसं दिवसभर धुरात राबतात, त्यांच्या डोळ्यांसमोर एक तरी इमारत अशी हवी की जिचा त्यांना अभिमान वाटेल. दोन्ही बाजूंचं बोलणं आजही कुठल्याही महापालिकेच्या सभेत ऐकू येईल.

एवढ्या तरुण, अनोळखी माणसाला ते काम कसं मिळालं?

१८५२ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. सल्लागार म्हणून सर चार्ल्स बॅरी होते, लंडनचं पार्लमेंट बांधणारे. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक ब्रॉडरिकचा आणि दुसरा लॉकवुड व मॉसन यांचा, म्हणजे ज्यांच्याकडे तो शिकला त्या गुरूचाच. ब्रॉडरिकनं तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती आणि नावावर सांगण्यासारखं फारसं काम नव्हतं. समितीचे लोक धास्तावले. हा पोरगा एवढं मोठं काम पेलेल का, असं त्यांनी बॅरी यांना विचारलं. बॅरी यांनी त्याची निःशंकपणे शिफारस केली, आणि काम त्याच्याकडे गेलं. बॅरी त्या वेळी ब्रिटनमधल्या सर्वांत मानाच्या आर्किटेक्टांपैकी एक होते. त्यांनी हात झटकले असते तर समितीला कुणी दोष दिला नसता. म्हणून ब्रॉडरिकची गोष्ट सांगताना बॅरी यांचं नाव आदरानं घ्यावंसं वाटतं.

मनोरा आराखड्यात नंतर घातला, हे खरं का?

खरं आहे. १७ ऑगस्ट १८५३ ला कोनशिला बसली तेव्हा मंजूर कामात मनोरा नव्हता. पुढची तीन वर्षं नगरपालिकेत त्यावरून खडाजंगी चालली. एका सभेत मंजूर, दुसऱ्या सभेत नामंजूर. मनोऱ्याचा उपयोग काय, हा विरोधकांचा रोकडा प्रश्न. हीटन आणि त्यांच्यासारख्यांनी मात्र तो लावून धरला.

आज मनोऱ्याशिवाय ही इमारत डोळ्यांसमोर आणून पाहा. दक्षिणेच्या दर्शनी बाजूला कॉरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या खांबांची भारदस्त रांग आहे, समोर रुंद पायऱ्या आहेत, आणि सगळं आडवं पसरलेलं आहे. जवळ गेल्यावर ते भव्य वाटतं, पण दोन गल्ल्या पलीकडून दिसलंच नसतं. २२५ फूट उंचीचा मनोरा आला आणि लीड्समध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला टाउन हॉल लांबूनच दिसू लागला. त्याचा आकारही चाकोरीतला नाही. खाली खांबांनी वेढलेला चौकोनी भाग, त्यावर घड्याळ आणि वर लांबट, वळणदार घुमट. निव्वळ ग्रीक-रोमन साच्यात हे बसत नाही. ब्रॉडरिकचा स्वतःचा हात इथे सर्वांत स्पष्ट ओळखू येतो.

खर्च किती झाला? कंत्राटदाराचं दिवाळं निघालं ते कसं?

सॅम्युएल ॲटॅक या कंत्राटदाराला सुमारे ४२ हजार पौंडांत काम दिलं होतं. शेवटी बिल १ लाख २० हजार पौंडांच्याही वर गेलं. मनोरा वाढला, सजावट वाढली, ऑर्गन आला. बांधकाम चालू असतानाच मजुरी आणि मालाचे भावही चढले. ठरलेल्या रकमेत अडकलेला ॲटॅक मेटाकुटीला आला आणि काम पुरं होण्याआधीच दिवाळखोर झाला.

यात ब्रॉडरिकचा वाटा होता. दगडाच्या घडाईत आणि मापात तो तसूभरही सूट देत नसे. मनाजोगतं झालं नाही की पुन्हा करायला लावी. इमारत आजही खणखणीत उभी आहे ती या हट्टामुळे, पण त्याची किंमत एका माणसानं धंदा बुडवून मोजली, हेही सांगायला हवं.

उद्घाटनाला खरंच राणी आली होती?

हो. ७ सप्टेंबर १८५८ ला व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट आले. राणीचा मुक्काम महापौर पीटर फेअरबेर्न यांच्या वुड्सली हाऊस या घरी होता. हे फेअरबेर्न यंत्रांचे कारखानदार. समारंभातच राणीनं त्यांना सर ही पदवी दिली. वुडहाउस मूरच्या मैदानावर हजारो मुलांना उभं करून राणीसमोर गाणं म्हणायला लावलं होतं. राणी लंडन सोडून आपल्या गावात येते, याचं लोकांना केवढं अप्रूप होतं ते तेव्हाच्या वर्णनांतून समजतं. उद्घाटनाला जोडूनच लीड्सच्या इन्फर्मरी रुग्णालयाच्या मदतीसाठी संगीत महोत्सव झाला आणि इमारतीचं संगीताशी नातं जुळलं ते कायमचं. १९६३ मध्ये सुरू झालेली लीड्सची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा याच वास्तूत गाजली.

टाउन हॉलच्या आत काय आहे?

मधोमध व्हिक्टोरिया हॉल, १६१ फूट लांब, ७२ फूट रुंद आणि ७५ फूट उंच. भोवतीनं तेव्हा कोर्टाच्या खोल्या, नगरपालिकेचं सभागृह, कचेऱ्या. खाली तळघरात पोलीस कोठड्या. म्हणजे वर सुरांची मैफल आणि पायाखाली गजाआड बसलेले कैदी, अशी ती रचना होती. एका इमारतीत गावाचे सगळे व्यवहार कोंबायचे आणि तरी कुणाचा पाय कुणात अडकू द्यायचा नाही, हे गणित ब्रॉडरिकनं हॉल मध्ये आणि बाकी सगळं कडेनं ठेवून सोडवलं. या खोल्या तयार होत्या म्हणूनच १८६४ मध्ये वरच्या न्यायाधीशांची फिरती न्यायालयं लीड्समध्ये भरू लागली.

हॉलच्या टोकाला ग्रे अँड डेव्हिसन कंपनीचा पाइप ऑर्गन आहे. आपल्या संगीत नाटकांत साथीला असतो तो पायानं भाता मारायचा ऑर्गन वेगळा. हा भिंतभर उंच असून त्याला साडेसहा हजारांच्या आसपास नळ्या होत्या. भिंतींवर वरच्या कडेला बोधवचनं रंगवली आहेत: एकीत बळ आहे, प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण, अशी. व्यापाऱ्यांच्या गावाला शोभतील अशीच.

बाहेरचे चार दगडी सिंह मात्र उद्घाटनाच्या वेळी नव्हते. ते १८६७ मध्ये आले. हलच्याच विल्यम डे कीवर्थ धाकटे यांनी ते घडवले. जवळ जाऊन त्यांच्या आयाळीवर हात फिरवून पाहा. लीड्सच्या पावसानं आणि कारखान्यांच्या काजळीनं दगड खाल्ला आहे, नाकाडोळ्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत. आख्खी इमारतच एके काळी काळीठिक्कर होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती धुऊन काढली तेव्हा लोकांना तिचा खरा रंग कळला.

त्याची सर्वांत चांगली इमारत कोणती?

पुस्तकांत बहुधा टाउन हॉल असं उत्तर मिळेल. माझं उत्तर कॉर्न एक्स्चेंज, आणि त्यात मला शंका वाटत नाही.

कॉर्न एक्स्चेंज म्हणजे धान्याचा बाजार. पण इथे पोती येत नसत, नमुने येत. शेतकरी किंवा दलाल पिशवीतून मूठभर गहू काढणार, घेणारा तो तळहातावर पसरून दाणा बघणार, दाताखाली चावणार आणि भाव ठरणार. आपल्याकडच्या भुसार बाजारात आडत्याच्या गादीवर चालतं तेच. या व्यवहारात उजेडाला फार महत्त्व. ऊन थेट पडलं की दाणा उजळ दिसतो, सावलीत मळका. सकाळी एक आणि दुपारी एक दिसला तर भांडणं ठरलेली.

ब्रॉडरिकनं इमारत लंबवर्तुळाकार केली, साधारण १९० फूट बाय १३६ फूट. वर लोखंडी कमानींचा एकच प्रचंड घुमट. त्याच्या उत्तर बाजूला काचेचा मोठा पट्टा बसवला. इंग्लंडात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून दिवसभर सारखा, थंड, न झगमगणारा उजेड येतो. मधल्या चौकात उभे राहून तळहात पुढे करा. हाताची सावली जवळजवळ पडत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या कामासाठी तो उजेड आणला होता, ते काम तो अजून करतो आहे.

कडेनं दोन मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या लहान लहान कचेऱ्या, प्रत्येकीला चौकाकडे दार. बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक दगड हिऱ्यासारखा टोकदार घडवलेला. त्यामुळे ढगाळ दिवशीही भिंतीवर बारीक छायाप्रकाश खेळत असतो. एवढी मोठी वक्र भिंत दगडात उचलायची, प्रत्येक चिऱ्याला टोक आणि शिवाय वळण द्यायचं, हे पाथरवटांचं काम किती कसबाचं असेल याचा अंदाज इमारतीला प्रदक्षिणा घातल्यावरच येतो.

प्रेरणा पॅरिसच्या जुन्या धान्यबाजाराची होती. तो गोल होता आणि १८११ मध्ये त्यावर लोखंडी घुमट चढवला होता. ब्रॉडरिकनं ती कल्पना घेतली, पण ताणून लांबट केली आणि छताला दिशा दिली. मला तर मुळापेक्षा हे जास्त पटतं. स्पर्धा जिंकून हे काम त्यानं मिळवलं, १८६१ मध्ये सुरू केलं आणि २८ जुलै १८६३ ला ते खुलं झालं. धान्याचा व्यापार पुढे आटला, इमारतीला अवकळा आली. १९९० च्या सुमारास दुरुस्ती होऊन तिथे दुकानं आली, आणि आज स्वतंत्र कारागिरांची, पुस्तकांची, खाण्यापिण्याची दुकानं त्या जुन्या कचेऱ्यांत चालतात.

स्कारबरोच्या ग्रँड हॉटेलमध्ये खरंच ३६५ खोल्या होत्या?

सांगतात ते असं: चार मनोरे चार ऋतूंचे, बारा मजले बारा महिन्यांचे, ५२ धुराडी आठवड्यांची आणि ३६५ खोल्या दिवसांच्या. वरून पाहिलं तर इमारत इंग्रजी व्ही अक्षरासारखी, व्हिक्टोरियाच्या नावासाठी. जागेचा आकारच तसा चिंचोळा होता, हे मला त्याहून खरं कारण वाटतं.

१८६७ मध्ये हे हॉटेल उघडलं तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलांत त्याची गणना होती. समुद्राच्या कड्यावर ते असं बसवलं आहे की गावाकडून पाच-सहा मजले दिसतात आणि खाली वाळूवर उतरून वर पाहिलं की पिवळट विटांचा डोंगरच अंगावर येतो. साठ लाखांवर विटा लागल्या. न्हाणीघरांत साध्या पाण्याच्या नळांशेजारी समुद्राच्या खाऱ्या पाण्याचेही नळ होते, कारण समुद्रस्नान तेव्हा औषध मानत. मूळ कंपनीचे पैसे मध्येच संपले आणि एका कंत्राटदारानं अर्धवट काम विकत घेऊन पुरं केलं.

ज्या जागेवर हॉटेल आहे तिथल्याच आधीच्या घरात १८४९ मध्ये लेखिका ॲन ब्राँटे वारली. तशी पाटी भिंतीवर आहे. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी स्कारबरोवर तोफा डागल्या तेव्हा या हॉटेललाही गोळे लागले.

मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणजे काय?

कामगारांना आणि कारागिरांना संध्याकाळी शिकता यावं म्हणून चालवलेली संस्था. वर्ग, वाचनालय आणि व्याख्यानं असं तिचं काम. लीड्सच्या या संस्थेसाठी ब्रॉडरिकनं बांधलेली इमारत १८६८ मध्ये पुरी झाली. मध्यभागी गोल व्याख्यानगृह आणि वर फ्रेंच धाटणीचं उतरतं छप्पर. पुढे तिथे नाट्यगृह होतं आणि २००८ पासून लीड्सचं शहर संग्रहालय आहे. जुनं संग्रहालय १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं. त्याला कायमचं घर मिळालं ते शेवटी ब्रॉडरिकच्या इमारतीत.

त्यानं गॉथिक काम केलंच नाही का?

केलं. गॉथिक म्हणजे टोकदार कमानी आणि उंच शिखरं असलेली, मध्ययुगीन चर्चच्या धाटणीची शैली. लीड्समधल्या हेडिंग्ली लेनवरचं काँग्रिगेशनल चर्च त्याचं आहे, १८६४–६६ मधलं. हेडिंग्ली म्हटल्यावर मराठी माणसाला क्रिकेटचं मैदान आठवणार. १९९२ मध्ये सचिन यॉर्कशरकडून खेळला ते हेच. चर्च मैदानापासून फार लांब नाही. ते बरं आहे, पण त्याचा जीव त्यात नव्हता असं मला वाटतं.

लीड्सजवळच्या इल्कली या गावातलं वेल्स हाऊस गॉथिक नाही, पण ते आवर्जून पाहावं. ओसाड माळाच्या कडेला १८५६ मध्ये बांधलेलं हे थंड पाण्याच्या उपचारांचं आरोग्यधाम होतं. १८५९ च्या शरद ऋतूत चार्ल्स डार्विन प्रकृतीच्या तक्रारी घेऊन इथे उपचारांना आला होता. त्याचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तो इल्कलीतच होता.

त्याच्या पाडलेल्या इमारती कोणत्या?

ही यादी वाचताना वाईट वाटतं. हलचा टाउन हॉल, म्हणजे स्वतःच्या जन्मगावी त्यानं बांधलेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्डहॉलसाठी, म्हणजे नगरपालिकेच्या नव्या इमारतीसाठी पाडला. त्याचा कळस तेवढा वाचला आणि तो आज हलच्या पिअर्सन पार्कमध्ये जमिनीवर ठेवलेला आहे. लीड्सच्या कुक्रिज स्ट्रीटवर त्यानं ओरिएंटल बाथ्स बांधले होते, रंगीत विटा, घुमट आणि मिनार असलेले सार्वजनिक स्नानगृह. आधी १८८० च्या दशकात त्याची दर्शनी बाजू बदलून गॉथिक केली आणि १९६९ मध्ये सगळंच पाडलं. किंग स्ट्रीटवरचं गोदामही साठच्या दशकात गेलं. व्हिक्टोरियन काळातली इमारत म्हणजे काळी, अवजड, जुनाट अडगळ, असा तेव्हाचा समज होता. कॉर्न एक्स्चेंज त्यातून वाचलं हे आपलं नशीब.

एवढं नाव झाल्यावर त्यानं काम का सोडलं?

१८६९–७० च्या सुमारास, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो इंग्लंड सोडून पॅरिसजवळ राहायला गेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं चित्रं काढण्यात आणि बागकामात घालवली. मोठी इमारत म्हणून त्यानं पुन्हा काही केलं नाही.

कारणं जुळवून पाहिली तर एक चित्र दिसतं. टाउन हॉलनंतर त्यानं लंडनच्या मोठ्या स्पर्धांत भाग घेतला. १८५७ ची सरकारी कचेऱ्यांची स्पर्धा, १८६६ ची नॅशनल गॅलरीची निमंत्रितांची स्पर्धा. काम एकही मिळालं नाही. एकेका स्पर्धेसाठी महिनोन्‌महिने काम, मोठमोठी रेखाटनं, आणि हाती काही नाही. तेवढ्यात फॅशनही फिरली. साठच्या दशकात सगळ्यांना गॉथिक हवं होतं आणि ब्रॉडरिकला ते मनापासून करायचं नव्हतं. त्याच पिढीतला आल्फ्रेड वॉटरहाउस मँचेस्टरमध्ये नावारूपाला आला, १८६५ मध्ये लंडनला गेला आणि देशातला सर्वांत व्यग्र आर्किटेक्ट झाला. लंडनची दारं ब्रॉडरिकसाठी उघडली नाहीत. घरचा पैसा होता, फ्रान्स आवडता होता, गरजेपोटी राबायची वेळ त्याच्यावर नव्हती. मन उडाल्यावर तो निघून गेला, असं मला वाटतं. कुरकुरत गावातली गोदामं बांधत राहण्यापेक्षा ते सन्मानाचंच होतं.

१८९८ मध्ये तो जर्सी बेटावर आला आणि २ मार्च १९०५ रोजी तिथे गोरी या गावी वारला.

नंतरच्या आर्किटेक्टांवर त्याचा प्रभाव पडला का?

लीड्सचाच विल्यम हिल यानं बोल्टनचा टाउन हॉल (१८७३) आणि पुढे पोर्ट्समथचा (१८९०) बांधला. दोन्हींत खांबांची रांग, पायऱ्या आणि मधला मनोरा हे सरळ ब्रॉडरिककडून घेतलेलं आहे. उत्तर इंग्लंडमध्ये टाउन हॉल कसा दिसावा, याची सवयच त्यानं लोकांच्या डोळ्यांना लावली.

मुंबईशी त्याचा काही संबंध?

त्याची मुंबईत इमारत नाही. पण त्याच्या काळाशी मुंबईची तुलना करून पाहण्यासारखी आहे. आपला टाउन हॉल, एशियाटिकचा, १८३३ मधला. खांब आणि रुंद पायऱ्या हीच भाषा तिथे आहे, म्हणून लीड्सच्या पायऱ्यांवर मुंबईकराला ओळखीचं वाटतं. पुढे साठच्या दशकात मुंबईही गॉथिककडे वळली. विद्यापीठाचं सभागृह आणि राजाबाई टॉवर लंडनच्या गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न टाकता कागदावर रेखाटून पाठवले. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स मात्र बाथचे, म्हणजे ब्रॉडरिकसारखेच लंडनबाहेरच्या कार्यालयात उमेदवारी केलेले. १८६७ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला इकडे आले आणि मुंबईतच वारले. लंडनबाहेरच्या हुशार आर्किटेक्टला तेव्हा अशीही एक वाट होती.

एका दिवसात काय काय पाहता येईल?

लीड्स स्टेशनवरून कॉर्न एक्स्चेंज चालत दहा मिनिटांवर. ते आधी करा आणि दिवसाउजेडीच जा, संध्याकाळी गेलात तर मुख्य गोष्टच हुकेल. तिथून हेडरो या रस्त्यावर टाउन हॉल, आणि त्याच्या मागे मिलेनियम स्क्वेअरवर संग्रहालय. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. त्याच चौकात ब्रॉडरिकच्या नावाचा एक पबही आहे. टाउन हॉलमध्ये आत जायचं असेल तर दुरुस्तीची कामं चालू नाहीत ना, हे आधी पाहून घ्या. इल्कलीला लीड्सहून लोकल गाडी जाते, अर्ध्या तासाचा प्रवास. वेल्स हाऊसमध्ये आता लोकांची घरं आहेत, तेव्हा ते बाहेरूनच पाहावं. स्कारबरो आणि हलसाठी वेगळा दिवस काढा. दोन्हीकडे लीड्सहून थेट गाड्या आहेत.